गुलाब मिळाला, पुढं बोल

दूधवाल्यानं "बाबूजी, कल दूध नहीं आएगा" असं सांगितलं की पुंडलिक हेडाऊ दारात उभे राहून शांतपणे म्हणत, "कल दूध नहीं आएगा." मग दूधवाल्याच्या तोंडाकडे बघत राहत. तो "हाँ बाबूजी" म्हणेपर्यंत दार लावत नसत. भिलाईजवळच्या जुनवानीतल्या त्या गल्लीत नव्यानं येणाऱ्या प्रत्येक दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला आणि गॅसवाल्याला पहिले काही दिवस वाटायचं की या म्हाताऱ्याचा एखादा पेच ढिला आहे. पुढे सवय व्हायची. गॅसवाला तर आपणहून दोनदा सांगायला लागला होता.

घरात दुर्गाबाईंनी सवय करून घ्यायचं साफ नाकारलं होतं.

"अजी, कणीक संपली."

"कणीक संपली."

"मले मालूम हाये संपली! मीच सांगून राहिली ना! आना म्हनलं!"

"आणतो. पण पैले आना म्हणाली नव्हती तू."

पुंडलिकरावांचा यात काही दोष नव्हता. दोष रेल्वेचा. उभी हयात त्यांनी दल्ली-राजहऱ्याच्या लाईनवर छोट्या स्टेशनाची मास्तरकी केली. खाणीतून लोखंडाचा दगड भरून येणाऱ्या मालगाड्या भिलाईच्या कारखान्याकडे सोडायच्या, रिकाम्या परत घ्यायच्या. या कामाचा एकच धर्म. नुसतं सांगून भागत नाही. घंटीचे ठोके दिले, तर पलीकडच्या मास्तरानं तेवढेच ठोके परत द्यायचे. फोनवर निरोप दिला, तर त्यानं तो शब्दनशब्द परत म्हणायचा, आणि खात्रीची खूण म्हणून दोघांनी एकमेकांना वर एक गुप्त आकडा द्यायचा. त्याला रेल्वेत प्रायव्हेट नंबर म्हणतात. हे सगळं होईपर्यंत तुम्ही कितीही घसा फोडलात, तरी रेल्वेच्या लेखी तुम्ही गप्पच बसलेले असता.

आणि पलीकडच्या स्टेशनावर होते शामराव बारापात्रे.

हे दोघे उमरेडकडचे, एकाच साली नोकरीला लागलेले. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं असेल त्याच्या शंभरपट आवाज ऐकला. दोन गाड्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात त्या फोनवरून वरणाला फोडणी कशाची द्यावी इथपासून बहिणीचं लग्न कुठं जमवावं इथपर्यंत सगळा संसार झाला. शामरावांचा कान म्हणजे कान! इंजिनाचा भोंगा ऐकून ते ड्रायव्हरचं नाव सांगत, आणि पुंडलिकच्या नुसत्या "हॅलो"वरून त्याचं घरी भांडण झालंय का ते. भूषणचा जन्म झाला तेव्हा पुंडलिकराव ड्युटीवर होते. दुर्गच्या दवाखान्यातला निरोप शामरावांच्या स्टेशनावर आला.

"पुंडल्या, मुलगा झाला!"

"मुलगा झाला," पुंडलिकरावांनी परत म्हटलं. आणि लगेच विचारलं, "प्रायव्हेट नंबर?"

शामरावांनी तो दिला. दुर्गाबाईंनी ही गोष्ट आजतागायत माफ केलेली नाही.

दोघे एकाच वर्षी रिटायर झाले. पुंडलिकरावांनी जुनवानीत घर बांधलं. शामराव बायको गेल्यावर दुर्गपलीकडच्या रसमड्याला मुलाकडे, चंदनकडे राहायला गेले. चंदन तिथल्याच एका फॅक्टरीत सुपरवायझर. सुरुवातीला फोन होत, सणावाराला भेटी होत. मग फोन कमी झाले. आणि मग, सगळ्यांच्या आयुष्यात आला तसा, यांच्याही आयुष्यात व्हॉट्सॲप आला.

रायपूरहून भूषणनं मोबाईल आणून दिला आणि वडलांना 'विदर्भ स्नेह परिवार, भिलाई-दुर्ग' या ग्रुपात घातलं. ग्रुपचे अ‍ॅडमिन होते अरुणकुमार देवपुजारी, कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून उतरलेले साहेब. आयुष्यभर सर्क्युलरं काढली होती, आता सर्क्युलर घेणारं कुणी नव्हतं. ती हौस ते ग्रुपवर भागवत. पहाटेपासून तिथं फुलं, दिवे, सूर्य, समुद्र आणि सुविचार यांची नुसती रास पडायची.

पहिल्या दिवशी पुंडलिकराव चकितच झाले. इतके लोक आपल्याला सांगून राहिले आणि आपण गप्प? असा बेजबाबदारपणा त्यांनी नोकरीत कधी केला नव्हता. चष्मा लावून ते बसले आणि एकेकाला पोच देऊ लागले.

"लाल गुलाब एक, त्यावर पाण्याचे थेंब, खाली 'संयम हेच खरे धन' असे लिहिलेले, मिळाले. पुंडलिक, जुनवानी."

"समई एक, वाती पाच, मिळाली. पण तुमच्या भावाच्या मुलीचं लग्न जमलं का? पुंडलिक, जुनवानी."

दुपारपर्यंत बोट दुखायला लागलं, पण लाईन साफ झाली. लग्न जमलं का याचं उत्तर मात्र कुणीच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच बाईंकडून समईच्या जागी मोर आला.

"मोर मिळाला," पुंडलिकरावांनी लिहिलं. "लग्नाचं काय?"

या बाई म्हणजे कारखान्याच्या वसाहतीतल्या तारा भुसारी. त्यांनी आठवडाभर काहीच उत्तर दिलं नाही तेव्हा, जुन्या सवयीनं, भर ग्रुपात त्यांच्याकडून असंही लिहिलं गेलं: "ताराबाई, निरोप पोचला असल्यास कृपया प्रायव्हेट नंबर द्यावा."

त्या दिवशी ग्रुप प्रथमच खऱ्या अर्थानं जागा झाला. ताराबाईंच्या मिस्टरांनी उत्तर दिलं, आणि ते फुलाचं चित्र नव्हतं. संध्याकाळी अरुणकुमारांचा फोन आला.

"हेडाऊजी, ग्रुपका वातावरण बिघडून राहिलं आहे."

"वातावरण बिघडून राहिलं आहे," पुंडलिकरावांनी परत म्हटलं.

"तुम्ही मेरी नक्कल करताय का?"

"नाई साहेब, पोच देऊन राहिलो. साहेब, मले एक सांगा. शंभर लोकं रोज बोलतात, आन् कोणी कोणाले उत्तर देत नाई. याले ग्रुप कावून म्हनतात? याले तर भोंगा म्हनतात."

दुसऱ्या दिवशी ग्रुपला कुलूप लागलं. आता तिथं फक्त अ‍ॅडमिननं बोलायचं, बाकीच्यांनी बघायचं. अरुणकुमार रोज सकाळी झाडाला पाणी घालतानाचा आपला फोटो टाकू लागले. बाकी सगळे बिचारे मुक्यानं त्या झाडाची वाढ बघू लागले.

"झालं समाधान?" दुर्गाबाई म्हणाल्या. "भरल्या ग्रुपाले टाळं लावलं तुमी."

पण पुंडलिकरावांना ग्रुपचं दुःख नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता एकाच गुलाबात. शामराव त्यांना वेगळा, खाजगी गुलाब पाठवत, रोज, सूर्य उगवायच्या सुमाराला. न चुकता. पुंडलिकराव लगेच पोच देत, "गुलाब मिळाला. पुढं बोल." पुढं कधीच काही येत नसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुलाब.

आधी त्यांनी मनावर घेतलं नाही. पण हिवाळ्यात त्यांचा उजवा गुडघा पार बसला. डॉक्टरनं फोटो बघून सांगितलं की वाटी बदलायला पाहिजे. भूषण म्हणाला, बाबा, करून टाका. दुर्गाबाई म्हणाल्या, करून टाका. अख्खी गल्ली म्हणाली, करून टाका. पुंडलिकराव आतून टरकले होते. आयुष्यात त्यांनी एकही मोठी गोष्ट शामरावांना न विचारता केली नव्हती. त्यांनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तसंच. मग एकदा सुनेनं, दिपालीनं उचलला आणि घाईघाईनं सांगितलं, "बाबा आराम करून राहिले, काका." पुढच्या वेळीही बाबा आरामच करून राहिले होते.

शेवटी त्यांनी एका एका अक्षरावर बोट टेकवत लिहिलं: "शाम्या, गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं आहे. मले भेव वाटते. करू का नको? तू सांग."

दोन निळ्या खुणा उमटल्या. शामरावांनी वाचलं होतं. पुंडलिकराव फोन हातात धरून बसले. भाजी गार झाली.

उत्तर सकाळी आलं. समुद्रावरचा सूर्योदय, आणि खाली लिहिलेलं: 'हसत राहा, जग तुमच्यासोबत हसेल.'

पुंडलिकराव हसले नाहीत. त्यांनी फोन पालथा ठेवला.

"मोठा झाला वाटते शाम्या," ते दुर्गाबाईंना म्हणाले. "मी भेव वाटते म्हनलं, अन् यानं सूर्य पाठवला."

"मंग सोडा ना आता. तुमी कावून एकाच्या मागं लागता? नाई बोलायचं त्याले, नाई बोलत."

"नाई बोलायचं असन तर तसं सांगो. तेही चालन. पण सांगो. मी आज रसमड्याले जातो."

"गुडघा?"

"गुडघा संगं येईन."

"अजी, तुमाले पायरी उतरता येत नाई, अन् स्कूटर घेऊन रसमड्याले? मी जाऊ देणार नाई."

"मी जाणार," पुंडलिकराव म्हणाले, आणि त्या परत म्हणतील म्हणून क्षणभर थांबले. त्या परत म्हणाल्या नाहीत, पण डब्यात चार अनरसे भरून दिले. दुर्गाबाईंची पोच द्यायची ही पद्धत होती.

दुर्ग ओलांडून, ट्रकांच्या मधून वाट काढत, दुखरा पाय थोडा बाहेर धरून पुंडलिकराव रसमड्याला पोचले तेव्हा दुपार होत आली होती. चंदनचं घर वस्तीच्या कडेला. मागं परसात पपईचं झाड, झाडामागं थोडं मोकळं रान आणि त्यापलीकडं रेल्वेची लाईन. शामराव परसात दिवाणावर बसले होते. पुंडलिकरावांना बघितल्यावर त्यांचं तोंड असं उजळलं की रागाचं निम्मं काम तिथंच बिघडलं.

"पुंडल्या! ये, ये! बस! ऊन पडून राहिलं, तरी आलास! ही पपई पाहिली का? मी लावली. चंदन म्हणे लागणार नाई. मी म्हनलं लागन!"

"शाम्या, तुले मी मॅसेज टाकला—"

"आन् लागली तर कशी! एक एक फळ असं! दिपाले, चहा आन गं! माकडं येतात पण. माकडांचं काय करा? मी एक युक्ती केली..."

माकडांची युक्ती झाली. फॅक्टरीच्या धुराचं झालं. नातवाच्या शाळेचं झालं. शामराव बोलत होते, बोलत होते, श्वास घ्यायलासुद्धा वाक्याच्या मधोमध थांबत होते, म्हणजे कुणी मधे शिरू नये. पुंडलिकरावांनी तीनदा गुडघ्याचा विषय काढला. तिन्ही वेळा शामराव प्रेमानं हसले आणि पुन्हा पपईवर आले. पलीकडून एक मालगाडी गेली. लांबलचक भोंगा दिला तिनं. पुंडलिकरावांची मान सवयीनं तिकडं वळली. परत वळवली तेव्हा शामराव माकडांवर होते.

चहा संपला. पुंडलिकराव उठले. "येतो मी," ते म्हणाले. शामराव माकडांबद्दलच सांगत होते. पुंडलिकराव उभे राहिलेले बघून ते एकदम थांबले, त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि घाईनं म्हणाले, "येत जा बरं. येत जा."

"ह्यानं समोर बसूनसुद्धा गुलाबच पाठवला," स्कूटर चालू करता करता पुंडलिकराव पुटपुटले. त्यांना आता रागही येत नव्हता. त्याहून वाईट काहीतरी येत होतं. चाळीस वर्षांची लाईन बंद झाली होती, आणि बंद झाल्याचा निरोपसुद्धा कुणी दिला नव्हता.

दुर्गच्या अलीकडं गुडघ्यानं संप पुकारला, म्हणून एका चहाच्या टपरीवर ते थांबले. बाकड्यावर आणखी एक म्हातारा बसला होता, रेल्वेचा जुना निळा स्वेटर घालून, बशीतून चहा पीत. कुठून तरी इंजिनाचा भोंगा आला. पुंडलिकरावांची मान वळली. त्याच क्षणी स्वेटरवाल्याची मानही वळली, बशी ओठाला तशीच. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि हसले.

"आदत है," स्वेटरवाला म्हणाला. "मरते दम तक नहीं जाएगी."

"मरते दम तक नहीं जाएगी," पुंडलिकरावांनी पोच दिली.

आणि त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला.

रेल्वेतला माणूस जेवत असो, देवाला हात जोडत असो, बायकोची बोलणी खात असो. भोंगा वाजला की मान वळते. आणि शाम्या तर शाम्या होता. भोंग्यावरून ड्रायव्हरचं नाव सांगणारा. एवढी मोठी गाडी त्याच्या पाठीमागून गेली आणि तो माकडं हाकलत बसला. त्याची मान वळली नाही.

फोन वाजून वाजून बंद होतो. बाबा आराम करून राहिले. समोर बसला तर श्वाससुद्धा वाक्याच्या मधोमध. का? तर वाक्य संपलं की दुसरा बोलतो. आणि दुसरा बोलला, तर...

"चाचा, कितना हुआ?" असं विचारत पुंडलिकराव उठले आणि सुटे पैसे न घेताच निघाले. गुडघा ओरडत होता. त्याला त्यांनी सांगितलं, "तुले नंतर पाहतो." आणि स्कूटर पुन्हा रसमड्याच्या दिशेनं वळवली.

दार दिपालीनं उघडलं. "काका? काही राहिलं का?"

"हाव. उत्तर राहिलं."

दिपालीनं एकदा मागं परसाकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "तुमाले समजलं?"

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असन, काका. मागच्या दिवाळीले यांनी मशीन आणून दिली कानाची. डब्बीतून काढत नाई. म्हणते, मले सगळं ऐकू येते. आन् आमाले बजावून ठेवलं, कोणालेच सांगायचं नाई. पुंडल्याले तर बिलकुलच नाई."

परसात शामराव दिवाणावर पाठमोरे बसले होते, हातात फोन, बोटानं पडदा सरकवत. उद्याचा गुलाब निवडत असावेत. पुंडलिकरावांनी हाक मारली. मोठ्यानं मारली. पाठ हलली नाही. पपईवरचा कावळा तेवढा उडाला.

आता काय करावं? खांद्यावर हात ठेवावा, तर माणूस दचकेल. समोर जाऊन ओरडावं, तर तेच, ज्याला तो भ्यायला आहे. पुंडलिकराव पाय ओढत गेले आणि दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला टेकले. दिवाण जुना, सागवानी, अख्ख्या लाकडाचा. त्यांनी मूठ वळली आणि फळीवर एकच ठोका दिला.

एक ठोका म्हणजे, ऐकतोस का?

शामरावांचं बोट पडद्यावर थांबलं. त्यांनी मान वळवली नाही. तळव्याखाली जी फळी होती तिच्याकडं ते बघत राहिले. मग त्यांचा उजवा हात, कुणी न सांगता, मनाला न विचारता, खाली आला आणि फळीवर एक ठोका पडला.

पुंडलिकरावांच्या डोळ्यांपुढचं परस जरा धूसर झालं. पण ड्युटी म्हणजे ड्युटी. त्यांनी दोन ठोके दिले. दोन ठोके म्हणजे, लाईन मोकळी आहे का? माझी गाडी घेतोस का?

याचं उत्तर आलं नाही. शामराव खाली बघत होते. लाईन मोकळी नसेल तर मास्तर ठोके परत देत नाही, तो नियमच आहे. आणि नियम असाही आहे की पलीकडच्यानं थांबायचं. ओरडायचं नाही, गाडी सोडायची नाही, थांबायचं. पुंडलिकराव थांबले. दिपाली दारात थांबली. पपईवर कावळा परत येऊन बसला.

मग फळीवर दोन ठोके आले.

"नाई ऐकू येत, पुंडल्या," शामराव म्हणाले. तो तासाभरापूर्वीचा धबधब्यासारखा आवाज नव्हता. बारीक, हिशेबाचा आवाज होता, फोनवरचा, जुना. "ऐकू येत नाई म्हनलं का लोकं पैले वरडतात. मंग थकतात. मंग कमी बोलतात. आन् मंग बोलतच नाई. मी पाह्यलं ना, आमच्या बाबाचं पाह्यलं. म्हनून म्या ठरवलं, आपुनच बोलायचं. दुसऱ्याले टाईमच नाई द्यायचा. आन् गुलाब पाठवला का समजते लोकाले, हा म्हातारा जिता हाये."

"मले कावून नाई सांगितलं?" पुंडलिकराव म्हणाले. मग लक्षात येऊन त्यांनी खिशातून फोन काढला, तेच शब्द लिहिले आणि पाठवले. शामरावांच्या हातातला फोन थरथरला.

शामरावांनी वाचलं. "तू माहा कानच तर पाह्यला होता," ते म्हणाले. "बाकी काय पाह्यलं तू माहं? कान गेला तर मंग तुह्याजवळ काय राहते माहं?"

आयुष्यात प्रथमच पुंडलिकरावांनी निरोप परत म्हटला नाही. त्यांनी फक्त एक वाक्य लिहिलं: "गुडघ्याचं ऑपरेशन करू का नको? रिपीट कर."

शामरावांच्या कपाळावर जुनी आठी उमटली, चुकीची गाडी लाईनवर आल्यासारखी. "गुडघ्याचं ऑपरेशन करू का नको," त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"आता उत्तर," पुंडलिकरावांनी लिहिलं. "फूल नको."

"कर ना गाढवा! त्यात विचारायचं काय? पण तू भित्रा हायेस, भूलचं इंजेक्शन पाहूनच पळशीन. मी येतो संगं."

"मशीन लावून येशील तर."

"नाई लावणार. त्यात सगळी फॅक्टरी कानात घुसते. वाटी पडली का बाँब फुटल्यावानी वाटते."

"मंग मी ऑपरेशन करत नाई," पुंडलिकरावांनी टाईप केलं, आणि फोन खिशात घालून हाताची घडी घातली.

"हट्टीपणा करू नको!"

घडी.

"तुह्या गुडघ्यासाठी मी माहा कान फोडून घेऊ?"

घडी सुटली नाही. शामरावांनी दिपालीकडं बघितलं, पपईकडं बघितलं, लाईनकडं बघितलं. कुणी मधे पडायला तयार नव्हतं. "दिपाले," ते शेवटी तिरसटून म्हणाले, "थी डब्बी आन."

ते एवढ्यावर सोपं झालं असं कुणी समजू नये. मशीन कानात गेल्या गेल्या शामरावांनी पहिली तक्रार कावळ्याची केली, दुसरी पुंडलिकरावांच्या श्वासाची. महिनाभर ते दिवसाआड मशीन काढून फेकत आणि पुंडलिकराव दर मंगळवारी रसमड्याला जाऊन ती पुन्हा बसवत. भूषणनं रिक्षा ठरवून दिली होती, कारण स्कूटरची किल्ली दुर्गाबाईंनी डाळीच्या डब्यात लपवली होती. बोलणं निम्मं मशीननं चाले, निम्मं फोनवर लिहून, आणि दोन्ही बंद पडलं की फळीवर. सकाळचे गुलाब यायचे थांबले नाहीत. शामरावांना ते मनापासून आवडत. पण आता गुलाबाखाली काहीतरी असायचं. 'सूज कमी झाली का? उत्तर दे.' आणि उत्तराला दुपार झाली तर पुन्हा, 'झोपला का मास्तर?'

ऑपरेशन झालं ते फाल्गुनात. दवाखान्यातल्या खाटेवर पुंडलिकराव अर्धवट शुद्धीत पडले होते. दुर्गाबाई उशाशी. त्याच सकाळी अरुणकुमारांनी ग्रुपवर 'हेडाऊजींना आराम पडो' असं लिहून दोन जोडलेले हात टाकले होते, आणि ग्रुपला कुलूप असल्यामुळे त्यावर कुणालाच काही म्हणता आलं नव्हतं. पुंडलिकरावांनी आत नेण्याआधी त्यांना वेगळं लिहिलं होतं, "हात मिळाले. बाकीचे तुम्ही केव्हा येता?" त्यामुळे साहेब स्वतः आले होते, शहाळं घेऊन, जरा ओशाळून. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले ते तासभर उठेचनात. घरी ते झाड आणि ते, दोघंच असत, हे दुर्गाबाईंना त्या तासात कळलं.

शामराव खाटेच्या पायथ्याशी उभे होते, कानात मशीन, तोंडावर मशीनबद्दलचा राग. त्यांनी वाकून खाटेच्या लोखंडी कडेवर बोटाच्या पेरानं चार ठोके दिले. चार ठोके म्हणजे, गाडी पूर्ण पोचली, शेवटच्या डब्यासकट.

पुंडलिकरावांचे डोळे मिटलेले होते. हात चादरीखालून निघाला, चाचपडत कडेपर्यंत गेला. टक. टक. टक.

"तीन झाले," शामराव म्हणाले. "मंजूर नाई. परत दे."

"राहू द्या ना भाऊजी," दुर्गाबाई म्हणाल्या. "गुंगीत हायेत ते."

"गुंगीत असो का कुठं असो. तीन म्हंजे गाडी आता सुटली. हा तर येऊन पोचला. पुंडल्या, परत दे!"

हात थोडा वेळ पडून राहिला. मग त्यानं सुरुवातीपासून घेतलं, सावकाश, एकेक नीट वाजवून. चार.

"मिळाले," शामराव म्हणाले, आणि खिडकीकडं तोंड करून मशीन नीट बसवत राहिले, बराच वेळ.

"झालं ना तुमचं? आता कोनी सांगन का," दुर्गाबाईंनी विचारलं, "चहा कोनाकोनाले पाहिजे?"

"चहा कोनाकोनाले पाहिजे," खिडकीजवळून शामराव म्हणाले.

"चहा कोनाकोनाले पाहिजे," खाटेवरून, डोळे न उघडता, पुंडलिकराव म्हणाले.

स्टुलावरचे साहेब गडबडले, इकडं तिकडं बघितलं, आणि तेही म्हणाले.

दुर्गाबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे बाप्पा," त्या म्हणाल्या, "उत्तर द्या!"